शिकवणीचे उत्पन्न आणि त्याची नोंद
(कळंबोली येथील ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



कळंबोलीच्या या सिडको वसाहतीत सायंकाळ झाली की कित्येक घरांची बाहेरची खोली पाठशाळा होते. आपल्या ज्ञातीतील अनेक भगिनी, तसेच दिवसा नोकरी करणारे बंधूही, घरी शिकवण्या घेतात. विद्यादानाचे हे कार्य स्तुत्यच होय. परंतु त्यातून येणारा पैसा ‘वरखर्चाचा’ म्हणून हिशेबाबाहेर ठेवण्याचा जो प्रघात पडला आहे, त्याविषयी आम्हांस आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

कायद्याच्या दृष्टीने ही प्राप्ती दक्षिणा नव्हे. ते धंदा-व्यवसायाचे उत्पन्न आहे. १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा झाला, तरी हे तत्त्व पालटलेले नाही. समजा, वीस मुले दरमहा प्रत्येकी १,००० रुपये देतात. वर्षाची जमा २,४०,००० झाली. पुस्तके, फळा, शिकवणीपुरती वीज यांचा खरा खर्च ३०,००० असेल, तर उत्पन्न २,१०,००० रुपये. नोकरदाराने ही रक्कम पगाराच्या जोडीस दाखवावयाची असते, आणि तेथे ‘सहज’ हे विवरणपत्र चालत नाही. २०२५-२६ सालच्या अशा उत्पन्नावर, नव्या करप्रणालीत, १२ लाखांपर्यंत सवलतीमुळे कर पडत नाही. तथापि ४ लाखांवर उत्पन्न गेले की विवरणपत्र भरावेच लागते. कर नाही म्हणून नोंदही नको, हा समज चुकीचा आहे.

ज्या भगिनींचे उत्पन्न या मर्यादेच्या आत आहे, त्यांनीही विवरणपत्र स्वेच्छेने भरावे, असा आमचा आग्रह आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आपल्या दाराशीच सुरू होतो. ईश्वर न करो, परंतु एखाद्या शिक्षिकेवर अपघाताचा प्रसंग ओढवला, तर न्यायाधिकरणापुढे भरपाई ठरताना तिच्या सिद्ध होणाऱ्या उत्पन्नाचा विचार होतो, आणि पूर्वी भरलेली विवरणपत्रे हा तेथे भक्कम पुरावा ठरतो. तो नसेल, तर वर्षानुवर्षांच्या कष्टांची किंमत केवळ अंदाजाने केली जाण्याचा संभव असतो. गृहकर्ज मागतानाही बँक हेच कागद पाहते.

म्हणून एक साधी वही ठेवावी. तारीख, विद्यार्थ्याचे नाव, रक्कम आणि खर्च तीत लिहावा. जी शिकवते तिच्याच खात्यात पैसे जमा व्हावेत, पतीच्या नव्हे. जिच्या कष्टांवर घर उभे आहे, तिचे नाव कागदावरही असावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.