घरच्या आठवणींसाठी छोटा, बिनआवाजाचा सर्व्हर

(तरुणांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



घरातला डेटा कसा सांभाळावा यावर मी बोलावे, असे संयोजकांनी सांगितले. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे मला विषय सोपा वाटला. पण तयारीला बसलो तेव्हा कळले की यातले मला जे काही समजते, ते चुकांमधून आले आहे. म्हणून सुरुवात चुकांपासूनच करतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेला महापूर आला. माझ्या खालांच्या घरात पाणी शिरले. माणसे बाहेर पडली, पत्र्याची पेटी आत राहिली. त्या पेटीत घराचे खरेदीखत होते, नानांचा शाळा सोडल्याचा दाखला होता, खालांचा निकाहनामा होता आणि नानींचा एकुलता एक फोटो होता. पुढे अनेक खेटे घालून बऱ्याच कागदांच्या नकला मिळाल्या. नानींचा फोटो गेला तो गेलाच. फोटोची नक्कल देणारे कार्यालय कुठेच नसते. माझ्याकडे तेव्हा चांगला कॅमेऱ्याचा फोन होता आणि मी वर्षातून दोनदा त्या घरी जात होतो. पेटी उघडून तो फोटो टिपावा, हे मला कधी सुचले नाही.

त्यानंतर मी घरातले सगळे कागद, अल्बम, दादींच्या आवाजातली रेकॉर्डिंग गोळा करू लागलो. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजची मोफत अमर्याद साठवण बंद झाली आणि फोटो, मेल सगळे मिळून १५ जीबीत बसवायची वेळ आली. तेव्हा ठरवले, घरातच एक छोटा सर्व्हर ठेवायचा. म्हणजे काय, तर घरच्या राउटरला जोडलेला साठवणीचा डबा. घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले फोटो आपोआप त्यात जातात आणि कुणालाही आपल्या फोनवरून ते पाहता येतात.

इथे दुसरी चूक झाली. मी इंटरनेटवरची कौतुके वाचून दोन मोठ्या हार्ड डिस्कचा डबा आणला. पुण्यातले आमचे घर वन बीएचके. राउटर हॉलमध्ये आणि हॉलमध्येच अम्मी-अब्बा झोपतात. हार्ड डिस्कमधली तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते, वाचणारा काटा इकडून तिकडे पळतो. दिवसा ते ऐकू येत नाही. रात्री दोन वाजता येते. अम्मी म्हणाल्या, "रातभर घुरघुर करता है ये, नींद कैसी आयेंगी?" मी हसण्यावारी नेले. मग त्या रोज झोपताना भिंतीवरचे बटण बंद करू लागल्या. लिहिण्याचे काम चालू असताना वीज गेली की फाइलींची नोंद बिघडू शकते. महिन्याभरात तेच झाले, आणि एका लग्नाचे फोटो उघडेनात. मी अम्मींवर चिडलो. नंतर शांतपणे विचार केला, तेव्हा चूक कुणाची हे स्पष्ट झाले. ज्या खोलीत माणसे झोपतात त्या खोलीसाठी मी चुकीचे यंत्र आणले होते.

म्हणून माझा पहिला सल्ला: यंत्राची निवड घरापासून सुरू करा. आपल्यापैकी किती जणांच्या घरी सर्व्हरसाठी वेगळी खोली आहे? नसेल तर एसएसडीचाच डबा घ्या. एसएसडीत फिरणारा एकही भाग नसतो, आठवणी चिपवर साठतात. आवाज झालाच तर पंख्याचा. लहान आणि जोरात फिरणाऱ्या पंख्यापेक्षा मोठा आणि सावकाश फिरणारा पंखा कमी आवाज करतो, म्हणून विकत घेताना पंखा बघा. बिनपंख्याचे डबेही मिळतात, पण मग उष्णता बाहेर टाकायला धातूचे जाड अंग हवे आणि डबा बंद कपाटात ठेवता येत नाही. एसएसडी फार तापली की स्वतःच वेग कमी करते. सोलापूरचा मे महिना पाहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

आकाराचे म्हणाल तर एम.टू प्रकारची एसएसडी साधारण २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब असते, च्युइंगमच्या पट्टीएवढी. त्यामुळे सहा एसएसडी मावतील असे डबेही आज अगदी लहान मिळतात. आसुस्टरचा फ्लॅशस्टोर ६ हा त्यातला एक. बीलिंकचा मी मिनी तर सुमारे १० सेंमीचा चौकोनी ठोकळा आहे. मी याच जातीचा सहा जागांचा डबा घेतला आणि त्यातल्या दोनच जागा भरल्या. बजेट कमी असेल तर कार्यालयातून निघालेला जुना मिनी पीसी घ्या. तो १८ सेंमी चौरस आणि साडेतीन सेंमी जाड असतो. त्यात एक एसएसडी आणि ओपनमीडियाव्हॉल्टसारखी मोफत प्रणाली टाकली की काम भागते.

दुसरा सल्ला: वेगासाठी पैसे घालवू नका. घरातले नेहमीचे गिगाबिट नेटवर्क सेकंदाला फार तर १२५ एमबी नेते. साधी साटा एसएसडी ५५० एमबीच्या आसपास देते, एनव्हीएमई त्याच्या कितीतरी पट. म्हणजे सर्वांत महागडी एसएसडी आणली तरी नळ तोच राहतो, टाकी फक्त मोठ्या तोंडाची होते. साधी, कमी तापणारी घ्या.

तिसरा सल्ला: हिशोब करा. आमच्या पाच जणांचे फोन, स्कॅन आणि रेकॉर्डिंग मिळून साडेसहाशे जीबी निघाले आणि दरवर्षी साधारण १०० जीबीची भर पडते. म्हणजे २ टीबी आम्हाला दहा-बारा वर्षे पुरतील. एवढ्याच साठवणीला एसएसडी हार्ड डिस्कपेक्षा बरीच महाग पडते, म्हणून गरजेपेक्षा मोठी घेऊ नका. एसएसडी लिहून लिहून झिजते, अशी भीती अनेकांना वाटते. १ टीबीच्या बऱ्याच चांगल्या एसएसडीवर ६०० टीबी लिहिण्याची हमी असते. रोज ५० जीबी लिहिले तरी त्याला ३२ वर्षे लागतील. विजेचेही सांगतो. माझा डबा सरासरी १२ वॅट घेतो, म्हणजे वर्षाला १०५ युनिट. आणि एक छोटा यूपीएस घ्याच. अचानक वीज गेली तर एसएसडीतल्या फाइलीही बिघडू शकतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. माझ्या डब्यात २ टीबीच्या दोन एसएसडी आहेत आणि दोन्हींवर तेच लिहिले जाते. एक बंद पडली तर दुसरी चालते. पण हा बॅकअप नाही. मी चुकून एक फोल्डर पुसला तर तो दोन्हींवरून पुसला जातो. चोर दोन्ही एकदम नेतो. आणि पूर आला तर? पेटी पत्र्याची असो की चिपची, पाण्याला काय फरक पडतो? म्हणून एक प्रत घराबाहेर, शक्यतो दुसऱ्या गावात हवी. आमच्याकडे दोन स्वस्त पोर्टेबल हार्ड डिस्क आहेत, दोन्ही पासवर्डने कुलूपबंद. एक सोलापूरला आपाच्या कपाटात असते. मेच्या आणि दिवाळीच्या सुटीत आपा येते तेव्हा ती जुनी आणते आणि नवी घेऊन जाते. या कामाला मी मुद्दाम हार्ड डिस्क ठेवली, कारण वीज न देता कपाटात पडून राहिलेली एसएसडी, विशेषतः उन्हाळ्यात, वर्षानुवर्षे भरवशाची नसते. मधल्या सहा महिन्यांसाठी महत्त्वाच्या कागदांचा छोटा फोल्डर कुलूप लावून क्लाउडवरही ठेवतो.

हा डबा थेट इंटरनेटला उघडा ठेवू नका. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने असेच उघडे असलेले घरगुती सर्व्हर गाठले, फाइली कुलूपबंद केल्या आणि बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली. बाहेरून पाहायचेच असेल तर व्हीपीएन वापरा.

शेवटचा मुद्दा तंत्राचा नाही. पहिल्या डब्याचा पासवर्ड फक्त मला ठाऊक होता. पत्र्याच्या पेटीची किल्लीही अनेक घरांत एकाच पुरुषाच्या खिशात असते. तो आजारी पडला किंवा गेला की बाईला स्वतःचा निकाहनामा शोधायला दिराची परवानगी लागते. आपण नवी पेटी बनवताना ही जुनी रीत सोबत आणायची का? आमच्या डब्यात आता प्रत्येकाचे वेगळे खाते आहे. अम्मींचे फोटो अम्मींच्या परवानगीशिवाय मीही पाहू शकत नाही. कागदांचा फोल्डर मात्र चौघांना उघडतो: अम्मी, अब्बा, आपा आणि मी. मुख्य पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घातला आहे, आणि ते पाकीट आपाकडे आहे. वर्षातून एकदा मी अम्मींना म्हणतो, "मी नाही असे समजा आणि घराचे खरेदीखत काढून दाखवा." पहिल्या वर्षी त्यांना जमले नाही. तेव्हा चूक त्यांची नव्हती, माझ्या मांडणीची होती. फोल्डरांची इंग्रजी नावे बदलून मराठी केली. दुसऱ्या वर्षी त्यांनी दोन मिनिटांत काढले.

डबा घ्यायला तुम्हाला सहा महिने लागतील, पैसे साठवावे लागतील. तोवर थांबू नका. आज घरी गेल्यावर पेटी उघडा. प्रत्येक कागदाचा, प्रत्येक जुन्या फोटोचा उजेडात नीट फोटो काढा आणि त्याची एक प्रत दुसऱ्या गावातल्या बहिणीला पाठवा. त्याला एक रुपयाही लागत नाही. २०१९ च्या आधी मी एवढे केले असते, तर आज माझ्या भाचीला तिची पणजी दाखवता आली असती.