बिनतारी जाळें आणि लिनक्स

तार गेली म्हणजे तिच्या मागचें कामही गेलें, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाहीं. तार असतांना संगणक कोणाशीं जोडला आहे हें डोळ्यांना दिसतें. ती गेल्यावर तें संगणकाला शब्दांनीं सांगावें लागतें. लिनस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध केलेल्या लिनक्सवर हें सांगणें चार पायऱ्यांनीं होतें.

पहिली पायरी ओळखीची. बिनतारी कार्डाला योग्य ड्रायव्हर लाभला, म्हणजे लिनक्स त्याला ‘डब्ल्यूलॅन-शून्य’ असें कांहीं नांव देतें. पुष्कळ कार्डांना फर्मवेअरही लागतें; तें नसेल तर कार्ड असून नसल्यासारखेंच.

दुसरी पायरी जागें करण्याची. कार्ड बंद ठेवलेलें आहे काय, हें ‘आरएफकिल’ ही आज्ञा सांगते. ‘आयपी’ आज्ञेनें तें चालू होतें, आणि ‘आयडब्ल्यू’ आसपासचीं जाळीं शोधून देते.

तिसरी पायरी किल्लीची, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. तारेंतील निरोप चोरण्यास घरांत शिरावें लागतें. लहरी मात्र आपण होऊन भिंतीपलीकडे जातात. प्रारंभीचें ‘वेप’ नांवाचें कुलूप किती कच्चें होतें, हें २००१ सालीं फ्लुरर, मॅन्टिन व शमीर या तिघांनीं दाखवून दिलें. २००४ पासूनच्या ‘डब्ल्यूपीए-दोन’ पद्धतींत घरगुती जाळ्याचा परवलीचा शब्द ८ ते ६३ अक्षरांचा असतो. त्यांत जाळ्याचें नांव मिसळून, गणिताची तीच क्रिया ४०९६ वेळां करून २५६ बिटांची किल्ली सिद्ध होते. मूळ शब्द हवेंतून जातच नाहीं. चोराला तो तर्कानें काढावा लागतो, आणि प्रत्येक तर्कास तेवढेच श्रम पडतात. शब्द सोपा असेल तर मात्र हे श्रम व्यर्थ होत.

आणखी एक सावधगिरी घरांतलीच आहे. किल्ली करून देणारी ‘डब्ल्यूपीए-पासफ्रेज’ ही आज्ञा मूळ शब्दही टिपणाच्या ओळींत उघडा लिहिते. ती ओळ खोडावी. आणि केवळ किल्लीनेंही जाळें उघडतें, म्हणून ती फाइल वाचण्याचा अधिकार मुख्य व्यवस्थापकाखेरीज कोणास ठेवूं नये.

चौथी पायरी पत्त्याची. किल्ली पटल्यावर डीएचसीपीच्या द्वारें राउटर संगणकास पत्ता देतो. पत्ता नसेल, तर दार उघडूनही निरोप पोंचत नाहीं.

नेटवर्कमॅनेजरसारखी आज्ञावली हें सर्व पडद्याआड उरकते. परंतु जोडणी अडली, कीं कार्ड ओळखलें गेलें काय, जागें आहे काय, किल्ली पटली काय आणि पत्ता मिळाला काय, हे चार प्रश्न याच क्रमानें विचारावे. जेथें उत्तर नकारार्थी येईल, तेथेंच दोष सांपडतो.