नोंदवही आणि गोष्टीची वही

(१९७९ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आत्ता माझी ओळख ‘सुप्रसिद्ध मानसतज्ज्ञ आणि लेखिका’ अशी करून दिली. त्यातलं ‘सुप्रसिद्ध’ तेवढं काढून टाका. मुंबईतल्या एका शाळेत मी ३२ वर्षं समुपदेशक होते, आणि माझे दोन कथासंग्रह आहेत. त्यांची पहिली आवृत्ती अजून संपायची आहे.

१९८९ साली मी नोकरीला लागले तेव्हा एका पालकांनी मला सरळ विचारलं होतं, “इथे काय वेडी मुलं शिकतात का?” मला बसायला प्रयोगशाळेशेजारची अडगळीची खोली मिळाली. कोपऱ्यात जीवशास्त्राचा सांगाडा होता, त्यामुळे मुलं मला ‘सांगाड्याच्या बाई’ म्हणायची. खोटं कशाला बोलू, मला ते नाव आवडायचं. सांगाड्याशी बोलायला म्हणून आलेली मुलं हळूहळू माझ्याशी बोलायला लागली.

हाताशी होती बिने-कामत चाचणी. १९०५ साली फ्रान्समध्ये बिने आणि सिमाँ यांनी बुद्धिमापनाची जी पद्धत काढली, तिचा हा आपल्याकडचा वंश. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. चाचणीतून एक आकडा निघतो. पालकांना तो आकडा हवा असायचा आणि मला तो सांगायला नको वाटायचा. एखादं मूल उत्तर देण्याआधी खिडकीबाहेर का बघतं, ते काही त्या आकड्यात येत नाही.

मग १९९६ आलं. लेखन-वाचनात अडचण असलेल्या मुलांना आपल्या राज्याने परीक्षेत सवलती दिल्या: लेखनिक, जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांची माफी. तोवर ज्यांना आपण ‘ढ’ म्हणत होतो त्यांच्यातले कितीतरी ढ नव्हतेच. आपल्याही वर्गात शेवटच्या बाकावर असे दोघे-तिघे होते. छड्या खाऊन ते शाळेतून गेले. आज ते इथे आलेले नाहीत.

दिवसा मी अहवाल लिहायची. ‘बालक सहकार्य करते. लक्ष अल्पकाळ टिकते.’ रात्री स्वयंपाकघर आवरलं की दुसरी वही काढायची. आपल्या हस्तलिखित मासिकातली माझी पहिली गोष्ट बाईंनी वाचली होती, आणि खाली लाल शाईने एवढंच लिहिलं होतं, ‘हे कुणाचं आहे?’ मला वाटलं, बाईंना चोरीचा संशय आला. मी दोन दिवस रडले. बाई, तुम्हाला हे आठवत नसेल. मला मात्र त्या प्रश्नाचा अर्थ कळायला वीस वर्षं लागली.

सातवीतला एक मुलगा माझ्याकडे येत असे. अक्षरं उलटी काढायचा, पण तोंडी गोष्ट अशी सांगायचा की मी लिहून घ्यायचं विसरायची. त्याचे वडील वारले होते. त्याच्या कंपासपेटीत त्यांची एक वस्तू होती. ती स्कूटरची किल्ली होती असं समजा. स्कूटर केव्हाच विकली गेली होती.

मी त्याच्यावर कथा लिहिली. नाव बदललं, गाव बदललं, मुलाची मुलगी केली. किल्ली तेवढी ठेवली, कारण किल्लीशिवाय कथा उभी राहत नव्हती. एका दिवाळी अंकात ती छापून आली, मला पत्रंही आली. आणि सुट्टीनंतर एक दिवस त्याची आई माझ्या दारात उभी. हातात वाचनालयाचा तोच अंक. भांडली नाही. म्हणाली, “बाई, तुम्ही वाईट काहीच लिहिलं नाहीत. पण ती किल्ली मलाही माहीत नव्हती. त्याने फक्त तुम्हाला दाखवली होती.”

मुलगा नंतर माझ्या खोलीत आला नाही. जिन्यात दिसला की नमस्कार करायचा. नमस्कार करणाऱ्या मुलाला समजावता येत नाही. दहावीला त्याला लेखनिक मिळाला, तो पास झाला. मी सहा वर्षं एक ओळही लिहिली नाही.

आमच्या व्यवसायाचा पहिला नियम गुप्ततेचा. मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करील, किंवा कुणी त्याला इजा करतंय असं दिसलं, तरच तो मोडायचा. तो मी पाठ केला होता, पालकसभेत सांगतही होते. आणि नाव बदललं म्हणजे नियम पाळला, अशी सोयीची समजूतही करून घेतली होती. खरं म्हणजे त्या मुलाने विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू मी बाजारात मांडली होती.

तुम्ही म्हणाल, मग आज कशी सांगतेस? त्याला विचारून. आता तो चाळिशीकडे झुकलाय. मी फोन केला तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “सांगा. फक्त वस्तू बदला.” म्हणून मघाशी ‘समजा’ म्हणाले. ती किल्ली नव्हती. कथेतही बदलता आली असती, हे तेव्हा सुचलं नाही, इतकी मी तिच्यावर भाळले होते.

पुन्हा लिहायला लागले तेव्हा ठरवलं, आता मुलांकडचं काही घ्यायचं नाही. मग उरलं काय? आपली ही शाळा, हा पिंपळ, मधल्या सुट्टीतली बोरं, आणि तुम्ही सगळे. तिसरं पुस्तक त्यावर आहे. त्यात नववीतल्या सहामाही परीक्षेचा एक दिवस आहे. त्या दिवशी वर्गात काय झालं ते आपल्यापैकी एकालाच पूर्ण ठाऊक आहे, आणि तो इथे तिसऱ्या रांगेत बसलाय. दचकू नकोस, नाव घेत नाही.

ती सतरा पानं माझ्या पिशवीत आहेत. जेवणाच्या वेळी मला गाठ, घरी ने, सावकाश वाच. नको म्हणालास तर पुस्तक सतरा पानांनी बारीक होईल.