पिलू घरी पोचले का?



या व्यासपीठावरून आपण इतिहास, अर्थकारण, तत्त्वज्ञान अशा भारदस्त विषयांवरची व्याख्याने ऐकत आला आहात. तेथे उभे राहून आम्ही पक्ष्यांच्या पिलांच्या चित्रपटांविषयी बोलणार, हे कळताच पुढच्या रांगेतील काही मंडळींच्या मुद्रेवर स्मित उमटले, ते आमच्या नजरेतून सुटलेले नाही. त्याबद्दल आमची तक्रार नाही. विषय मुलांचा निघाला की मोठी माणसे हसतातच. परंतु पडद्यासमोर बसलेले चार वर्षांचे मूल हाही एक प्रेक्षकच असतो, आणि त्या प्रेक्षकाला काय वाटले हे आपण फारसे विचारीत नाही. आपण विचारतो ते एवढेच, की "काय शिकलास?" या प्रश्नातच काही चुकते आहे का, हे आज आपल्यासह तपासून पाहावे, असा आमचा हेतू आहे.

आरंभ आपल्याच घरापासून करू. 1974 साली फिल्म्स डिव्हिजनने 'एक अनेक और एकता' हा सुमारे सात मिनिटांचा चित्रपट काढला. तो विजया मुळे यांनी केला. चित्रे भीमसेन यांच्या हाताखाली हलती झाली. संगीत वसंत देसाई यांचे, आणि गाणारा कोवळा आवाज लहानग्या साधना सरगम यांचा. त्यास राष्ट्रीय पुरस्कारही लाभला. गोष्ट आपणां सर्वांना ठाऊक आहे. दाण्यांच्या मोहाने पाखरे पारध्याच्या जाळ्यात सापडतात, एकदिलाने जाळ्यासकट उडून जातात, आणि मित्र उंदीर ते जाळे कुरतडतात. पंचतंत्रातील चित्रग्रीव कपोताची ही कथा. दूरदर्शनवर ती वर्षानुवर्षे दाखविली गेली. त्या काळातील मुले आज पन्नाशीच्या घरात आहेत. त्यांच्यापुढे या चित्रपटाचे नाव काढून पाहा. ऐक्याचे महत्त्व काय, यावर कोणी भाषण करीत नाही. पण चाल मात्र लगेच ओठांवर येते, आणि जाळे जमिनीवरून उचलले जाते त्या क्षणाची आठवण निघाली की चेहरा उजळतो. चित्रपट बोधपर होता खरा, पण मुलांचा श्वास रोखला तो बोधाने नव्हे. ही पाखरे सुटतील की नाही, या चिंतेने रोखला.

आता जरा दूर, स्वित्झर्लंडला जाऊ. ऑटमार गुटमान या मूळच्या जर्मन कलावंताने तेथे पेंग्विनच्या एका पिलाची चित्रमालिका निर्माण केली. पिलाचे नाव पिंगू. पहिला नमुना 1986 सालचा, आणि 1990 पासून मालिका सुरू झाली. एकेक भाग अवघा पाच मिनिटांचा. पात्रे मातीची, म्हणजे मातीचा पुतळा केसभर हलवायचा, चित्र घ्यायचे, पुन्हा हलवायचा, पुन्हा चित्र घ्यायचे. पडद्यावर एक सेकंद सरायला चोवीस-पंचवीस चौकटी लागतात, यावरून या चिकाटीच्या कामाची कल्पना यावी. गुटमान 1993 साली वारले. परंतु पिंगू थांबला नाही. 2003 पासून इंग्लंडमध्ये त्याचे नवे भाग झाले, आणि 2017 साली जपानच्या एनएचके या संस्थेने त्याची नवी मालिका दाखविली.

बर्फाच्या घरात राहणारे हे कुटुंब. बाप टपाल वाटतो, आई घर सांभाळते, अंड्यातून बाहेर आलेली पिंगा ही धाकटी बहीण. पिंगू हट्टी आहे, रुसतो, बहिणीचा मत्सर करतो, आणि राग आला की चोचीचा कर्णा करून ओरडतो. विशेष असा, की यात कोणतीही भाषा नाही. मूळ मालिकेतील सर्व पात्रांचे आवाज मिलानचे कार्लो बोनोमी या एकट्या नटाने काढले. इटलीतील विदूषकांची अर्थहीन बडबडीची जुनी परंपरा आहे. तिच्या आधाराने ते बोलत. शब्द एकही नाही, पण विनवणी, थाप, रडू, आणि चूक कबूल करतानाचा तो खालचा सूर, सारे कळते. त्यामुळे झुरिकचे मूल आणि आपल्या आळीतले मूल एकाच ठिकाणी हसते. भाषांतराची गरजच पडत नाही.

मोठ्या माणसांचे मात्र या मालिकेशी नेहमीच जमले असे नाही. एका भागात पिंगू खूप पेय पितो, आणि घरी पोचायला उशीर झाल्याने जमिनीवरच घोटाळा होतो. दुसऱ्या एका भागात त्याला वाईट स्वप्न पडते. बिछाना चालू लागतो, आणि बर्फावर एक अजस्र दातवाला प्राणी त्याच्यापुढे उभा राहतो. तो प्राणी पाहून पुष्कळ मुले घाबरली. त्यांतील कित्येकांना मोठेपणीही तो आठवतो. हे मुलांना दाखवावे काय, हा पालकांचा प्रश्न गैर म्हणता येणार नाही. आम्हीही एकदा हाच प्रश्न विचारला. त्याचे उत्तर आम्हांस कसे मिळाले, ते सांगतो.

पिंगू घर सोडून जातो, अशी एका भागाची कथा आहे. जेवताना तो अतिशय वात्रटपणा करतो आणि मोठ्यांचा फटका खातो. रागाने तो रात्रीच्या अंधारात बाहेर पडतो. बर्फाचे सुळके त्याला राक्षसांसारखे दिसू लागतात. आमची नात तेव्हा चार वर्षांची होती. ती आमच्या मांडीवर बसून हे पाहत होती. आम्हांस फटका आवडला नाही, अंधार त्याहून आवडला नाही. "पुरे आता," असे म्हणून आम्ही संच बंद केला. पोरीने हट्ट केला नाही. आम्हांस वाटले, आपण कर्तव्य केले.

मध्यरात्री ती अंथरुणात उठून बसली. आम्ही पाणी दिले, थोपटले. ती रडत नव्हती. तिने विचारले, "आजोबा, तो घरी पोचला का?"

श्रोतेहो, त्या प्रश्नाने आम्ही वरमलो. कथाकाराने त्या पिलाला अंधारात नेले होते, ते परत आणण्यासाठी. त्याचे आईबाप त्याला शोधायला निघणार होते, त्याला पोटाशी धरून घरी नेणार होते. त्या पिलाला वाटेत टाकून देणारे आम्ही होतो. भीतीपासून वाचविण्याच्या नादात आम्ही नातीच्या हाती निव्वळ भीती ठेवली, आणि तिचा उतारा मात्र काढून घेतला. सकाळी आम्ही उरलेला भाग लावला. पिंगू घरी आला. पोरीने मोठा श्वास सोडला आणि ती खेळायला निघून गेली. फटक्याविषयी तिने एक अक्षर काढले नाही.

कोणी म्हणेल, एका नातीवरून सिद्धांत काढू नये. मान्य आहे. म्हणून थोडे अमेरिकेकडे पाहू. 1969 साली तेथे 'सेसमी स्ट्रीट' हा मुलांचा कार्यक्रम सुरू व्हावयाचा होता. त्याच्या अभ्यासकांनी मुलांना "आवडले का?" असे विचारले नाही. दूरचित्रवाणीच्या शेजारी त्यांनी दुसरा पडदा ठेवला. त्यावर दर साडेसात सेकंदांनी नवे चित्र येई. मुलाची नजर कार्यक्रमावरून केव्हा ढळते, याची ते टिपणे घेत. तज्ज्ञांचा सल्ला असा होता, की खरी माणसे आणि बाहुल्या एकत्र आणू नयेत, मुलांचा गोंधळ होईल. पण फिलाडेल्फियातील मुलांना नमुन्याचे भाग दाखविले, तेव्हा नुसती माणसे दिसणाऱ्या रस्त्याच्या प्रसंगात त्यांचे लक्ष उडाले. निर्मात्यांनी तज्ज्ञांचा सल्ला बाजूला ठेवला, आणि त्या रस्त्यावर एक आठ फुटी पिवळा पक्षी आणून उभा केला. तोच बिग बर्ड. पुढे तो सहा वर्षांच्या मुलासारखा चुकणारा, गोंधळणारा, प्रश्न विचारणारा झाला, आणि जगभरच्या मुलांनी त्याला आपला मानले. मुलांच्या नजरेला मान दिला म्हणून हे घडले.

याचा अर्थ, मुलांपुढे काहीही ठेवावे, असा आम्ही काढीत नाही. फटका दाखवावा की नाही, यावर मतभेद राहतील. आणि मुलांना मारू नये, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. भीतीचेही तसेच. भित्र्या मुलाला कोणता प्रसंग केव्हा दाखवावा, हे त्याच्या घरच्यांनीच ओळखायचे. परंतु दुर्गुण दाखविला म्हणजे दुर्गुण शिकविला, हा हिशेब खरा नाही. रुसणे, मत्सर, थाप, अंधाराची भीती, ही पिंगूने मुलांना दिलेली नाहीत. ती मुलांपाशी आधीपासूनच असतात. आपण वागलो तसाच कोणी तरी वागतो, आणि तरीही त्याच्या घराचे दार त्याला उघडे राहते, एवढे मुलाला पाहायचे असते. जाळ्यातली पाखरे काय आणि बर्फातले पिलू काय, बालप्रेक्षकाची चिंता एकच.

आपला फार वेळ घेतला. आता मुलांना सुट्या लागतील आणि घरोघरी पडदे चालू होतील. आमची आपणांस एकच विनंती आहे. एखादे दिवशी पाच मिनिटे मुलाशेजारी बसा. पडद्याकडे थोडे कमी आणि मुलाकडे थोडे अधिक पाहा. ते कोठे हसते, कोठे तुमचा हात घट्ट धरते, ते ध्यानात ठेवा. मध्येच बंद करावयाचे झालेच, तर गोष्टीचा शेवट तरी तोंडाने सांगा. संपल्यावर "काय शिकलास?" असे विचारू नका. ते आपण होऊन काही विचारील, त्याची वाट पाहा. आणि विचारले, तर खरे उत्तर द्या.