तांबडी वाइन : आज प्यावी कीं मुरूं द्यावी ?

"जुनें तें सोनें" ही म्हण तांदळाला लागू पडते, मोरावळ्याला पडते, लोणच्याला तर फारच पडते. म्हणूनच कीं काय, एखाद्या आप्तानें परदेशांतून आणलेली इटालियन वाइनची बाटली हातीं आली म्हणजे कित्येक सुशिक्षित घरांतून ती कपाटाच्या वरच्या फळीवर जाऊन बसते. "राहूं द्या, जितकी जुनी होईल तितकी चांगली," असें घरांतील मंडळी समाधानानें म्हणतात. पांच-सात वर्षांनीं कांहीं मंगल प्रसंगीं बूच निघतें, आणि पेल्यांत पडतो तो एक आंबूस, थकलेला, तपकिरी द्रव. दोष बाटलीचा नसतो. जगांत होणारी बहुतेक वाइन एक-दोन वर्षांतच संपावी अशाच हेतूनें केलेली असते, आणि बेताच्या किंमतीच्या इटालियन तांबड्या वाइनपैकीं बहुतेकींना तेंच लागू आहे. मात्र सर्वांना नाहीं. आणि कोणतीला नाहीं, हें ओळखण्यांतच सारी मौज आहे.

मुरणें म्हणजे काय, हें आधीं पाहिलें पाहिजे. मराठी जिभेला तुरट चव समजावून सांगावी लागत नाहीं. हिरडा, कच्ची सुपारी, अर्धें पिकलेलें केळें किंवा फार वेळ उकळलेला बिनदुधाचा चहा यांनीं ती लहानपणींच शिकवलेली असते. द्राक्षाची साल, बी आणि देठ यांत हाच तुरटपणा देणारें टॅनिन असतें. तें लाळेंतील प्रथिनांना धरतें, म्हणून तोंड कोरडें पडल्यासारखें वाटतें. चहांत दूध घातलें कीं तुरटपणा कमी होतो तोहि याच कारणानें. तेथें दुधांतील प्रथिनें टॅनिनला आधींच गांठतात. तांबडी वाइन सालींसकट आंबवतात, त्यामुळें तिच्यांत टॅनिन पुष्कळ. बाटली शांत पडून राहिली म्हणजे टॅनिनचे कण एकमेकांशीं व रंगद्रव्यांशीं जुळत जातात, कांहीं जड होऊन साक्याच्या रूपानें तळाशीं बसतात, आणि जिभेवरील करकर ओसरते. जांभळट रंग प्रथम माणकासारखा, मग विटकरी होतो. ताज्या फळांचा वास मागें पडून वाळलेलीं पानें, चामडें, तंबाखू, भिजलेली माती असे वास पुढें येतात. हा बदल ज्याला रुचतो त्यालाच मुरवण्याचा खटाटोप शोभतो. ताज्या चेरीचा वास ज्याला प्रिय, त्यानें दहा वर्षें थांबून तो घालवावा कशाला?

शिवाय टॅनिन एकटें पुरत नाहीं. जोडीला चांगला आंबटपणा हवा आणि फळाची भरघोस चव हवी. कैरीच बेचव असेल तर मोहरी आणि तेल कितीहि घातलें तरी लोणचें मुरून चांगलें होत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार.

मुरवण्याचा निवाडा पुष्कळदां बाटली घेणाराच्या आधीं ती करणारानेंच केलेला असतो. तोस्कानांतील किआंती हें याचें उत्तम उदाहरण. ब्रोलिओच्या गढीचा धनी बॅरन बेत्तिनो रिकासोली हा १८६१ मध्यें कावूरच्या मागून इटलीचा पंतप्रधान झाला. परंतु राजकारणापेक्षां द्राक्षांनींच त्याचें नांव अधिक टिकवलें आहे. १८७२ मध्यें पिसा येथील एका प्राध्यापकास लिहिलेल्या पत्रांत त्यानें आपल्या दीर्घ प्रयोगांचें सार दिलें. सांजोव्हेसे या द्राक्षानें सुगंध व जोम यावा, कानाइओलोनें त्याचा कठोरपणा मऊ व्हावा, आणि माल्वाझिया या पांढऱ्या द्राक्षानें वाइन हलकी होऊन रोजच्या जेवणास योग्य व्हावी, असा त्याचा अभिप्राय होता. मुरवण्याच्या वाइनमधून मात्र माल्वाझिया वगळतां येईल, हेंहि त्यानें लिहून ठेवलें. पुढें लोकांनीं पत्रांतील पहिला भाग लक्षांत ठेवला आणि दुसरा विसरले. १९६७ मध्यें किआंतीचे सरकारी नियम झाले तेव्हां पांढरीं द्राक्षें घालणें सक्तीचेंच ठरलें, आणि गवती वेष्टनांतील गोल बुडाच्या बाटलीची किआंती स्वस्त व पाणचट म्हणून जगभर ओळखली जाऊं लागली. किआंती क्लासिको या जुन्या टापूंत २००६ च्या हंगामापासून पांढऱ्या द्राक्षांस बंदी आहे. म्हणून नुसती "किआंती" असेल तर ती दोन-तीन वर्षांत संपवावी. "क्लासिको" असेल आणि हंगाम चांगला असेल, तर पांच-सात वर्षें धीर धरण्यास हरकत नाहीं.

पिएमोंते प्रांतांत एकाच टेकडीवर तीन स्वभावांचीं द्राक्षें भेटतात. दोल्चेत्तो या नांवाचा अर्थ "छोटा गोडुला" असा. वाइन मात्र गोड नसते. तिच्यांत आंबटपणा कमी, म्हणून ती तरुणपणींच प्यावी. बार्बेरा हिच्या उलट: आंबटपणा भरपूर, टॅनिन थोडें. ती जेवणाबरोबर इतकी रुचकर लागते कीं साधी बार्बेरा राखून ठेवणें हा तिच्यावर अन्यायच म्हणावा. तिसरें द्राक्ष नेब्बिओलो. बारोलो ही प्रख्यात वाइन याचीच. कायद्यानें ती ३८ महिने, पैकीं १८ लांकडी पिंपांत, ठेवल्याशिवाय विकतांच येत नाहीं, आणि तिची किंमत बेताची म्हणण्यासारखी नाहीं. परंतु त्याच मुलखांतील "लांगे नेब्बिओलो" पुष्कळ कमी पैशांत मिळते आणि चांगली असली तर पांचसहा वर्षें सहज टिकते. एक सावधगिरी मात्र हवी. नेब्बिओलोचा रंग मुळांतच फिका आणि कडेला लवकर विटकरी दिसणारा असतो. तो पाहून ही म्हातारी झाली असें समजणारा फसतो. पेल्यांत गुलाबाचा आणि डांबराचा वास येतो, आणि पहिल्या घोटाला हिरड्या आवळल्या जातात.

दक्षिण इटलींत स्वस्त आणि मस्त माल अधिक. आब्रुत्सोची मोंतेपुल्चानो (त्याच नांवाच्या तोस्कानी गांवाशीं या द्राक्षाचा संबंध नाहीं), सिसिलीची नेरो दाव्होला, पुलियाची प्रिमितिव्हो या साऱ्या भरदार, फळांनीं ओथंबलेल्या आणि बहुधा लगेच प्यावयाच्या. परंतु या प्रदेशांतून एकच बाटली मुरवण्यासाठीं निवडावयाची झाली तर ती आल्यानिकोची निवडावी. बाझिलिकाता प्रांतांत व्हुल्तुरे नांवाचा एक विझलेला ज्वालामुखी आहे. त्याच्या उतारांवर उंच जागीं हें द्राक्ष पिकतें, आणि इतक्या उशिरां पिकतें कीं तोडणी कधीं कधीं नोव्हेंबरपर्यंत लांबते. आंबटपणा आणि टॅनिन दोन्ही त्यांत ठासून भरलेले असतात. तरुणपणीं ही वाइन इतकी उद्धट असते कीं अनोळखी माणूस पेला बाजूला सारील. आठदहा वर्षांनीं तीच गंभीर व सुगंधी होते, आणि बारोलोच्या मानानें तिला मोजावे लागणारे पैसे थोडे.

चिठ्ठीवरील शब्दांनीं भुलूं नये. "रिझेर्व्हा" याचा अर्थ करणारानें ती आधींच अधिक काळ ठेवली आहे एवढाच. किआंती क्लासिकोच्या बाबतींत हा काळ २४ महिन्यांचा असतो. ती घरीं आणखी ठेवलीच पाहिजे असें नाहीं. "नोव्हेल्लो" लिहिलेली बाटली मात्र त्याच हिवाळ्यांत संपवावी. स्वस्ताईलाहि मर्यादा असते. १९८६ मध्यें उत्तर इटलींत कांहीं व्यापाऱ्यांनीं हलक्या वाइनचा जोर वाढविण्यासाठीं तींत मिथिल अल्कोहोल मिसळलें. वीसांहून अधिक माणसें मेलीं, कित्येकांची दृष्टि गेली. त्यानंतर तेथील तपासणी कडक झाली.

आतां परीक्षेची रीत. एकच बाटली घेण्याऐवजीं एकाच वाइनच्या तीन घ्याव्यात आणि पहिली लगेच उघडावी. पेला तिसरा हिस्सा भरावा, पांढऱ्या कागदावर धरून रंग पाहावा, वास घ्यावा, मग घोट तोंडांत फिरवावा. हिरड्या कोरड्या पडल्या तर टॅनिन आहे. जिभेच्या कडांना पाणी सुटलें तर आंबटपणा आहे. आणि या दोहोंच्या खालीं फळ जाणवतें कीं नाहीं, गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते, हें पाहावें. नंतर अर्धी बाटली बूच लावून ठेवावी आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां चाखावी. काल आखडलेली वाइन आज मोकळी झाली असेल तर उरलेल्या दोन ठेवण्याजोग्या; निर्जीव झाली असेल तर त्या याच महिन्यांत संपवाव्यात. एका रात्रीची हवा म्हणजे कांहीं दहा वर्षें नव्हेत, तरी इतकी स्वस्त कसोटी दुसरी नाहीं. चाखणें मात्र जेवणाबरोबर करावें. मांस, चीज यांतील स्निग्धांशानें व प्रथिनांनीं टॅनिन नरमतें. तिखटाचें तसें नाहीं. झणझणीत कोल्हापुरी रश्श्याबरोबर आल्यानिको घेतल्यास दोघेंहि एकमेकांना चिडवतात. तेथें दोल्चेत्तो बरी.

एवढें करूनहि शेवटचा निकाल पुष्कळदां हवामानच देतें. वाइनला १२ ते १४ अंशांची एकसारखी थंडी, अंधार आणि आडवें पडणें मानवतें. आडव्या बाटलींत बूच ओलें राहतें व हवा आंत शिरत नाहीं. मुंबईची दमट उष्णता किंवा नागपूरचा मे महिना यांत कपाटांतील बाटली मुरत नाहीं, शिजते. कधीं कधीं बूचहि वर सरकतें. ज्याच्या घरीं वाइनसाठीं निराळें थंड कपाट नाहीं, त्यानें आल्यानिकोदेखील वर्षाच्या आंत प्यावी हें उत्तम. टोरांटो किंवा लंडन येथें राहणाऱ्या ज्या मराठी कुटुंबांना थंड तळघर आहे, त्यांनीं खुशाल थांबावें. अकलूजजवळच्या माळावर इटालियन भागीदारांच्या साहाय्यानें लावलेल्या सांजोव्हेसेची वाइन महाराष्ट्रांतच मिळते. तिलाहि घरीं ठेवण्याचे हेच नियम.

आणि खरोखरच एखादी बाटली दहा वर्षें नीट राहिली, तर उघडण्याच्या आदल्या दिवशीं ती उभी करून ठेवावी, म्हणजे साका तळाशीं बसतो. बूच जुनें असतें, तें हलक्या हातानें काढावें. उजेडासमोर धरून एका संथ धारेनें ओतावें. मानेपाशीं काळसर रेघ दिसूं लागली कीं थांबावें, आणि उरलेला दोन बोटें गढूळ द्रव बाटलींतच राहूं द्यावा.