भांडण गाडीएवढंच राहू द्या

(महाडमधील तरुणांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला विषय दिलाय ‘सार्वजनिक जीवन आणि आपण’. विषय मोठा आहे. मी लहान करून घेतो. मी पार्किंगवर बोलणार आहे. हसू नका. इथं बसलेल्यांपैकी निम्म्यांकडे बाईक आहे आणि त्यातल्या निम्म्या आत्ता कुणाच्या तरी दारात उभ्या आहेत, हे मी येताना बघून आलोय.

तुमच्यातले काही माझे विद्यार्थी आहेत. त्यांना माहीत आहे, मी अठ्ठावीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. वीस मार्कांचा विषय, परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायचा. तरीही शिकवताना मला वाटायचं, आपल्याला हे सगळं कळतं. एका शुक्रवारी ते किती कळतं हे मला समजलं. तीच गोष्ट सांगतो.

काही वर्षांपूर्वीची. मे महिना. जुम्याला उशीर झाला होता, खुत्बा सुरू झाल्याचा आवाज येत होता. मशिदीच्या बाजूच्या बोळाच्या तोंडाशी थोडी जागा दिसली, तिथं गाडी घातली. बोळ अडतोय हे दिसत होतं. खोटं कशाला बोलू? दिसत होतं. मनात म्हटलं, वीस मिनिटांचा तर प्रश्न आहे.

वीस मिनिटांत नमाज झाली, पण मी बाहेर आलो पस्तीस मिनिटांनी. एक जुना मित्र भेटला, मुलाच्या लग्नाचं बोलत राहिला. बाहेर बघतो तर माझ्या गाडीमागे बोळात एक रिक्षा अडकलेली, रिक्षात एक म्हातारी बाई आणि बाहेर उन्हात तिचा मुलगा. आईला ताप होता, डॉक्टरांकडे न्यायचं होतं. त्यानं आधी हॉर्न वाजवले असतील, दोघा-चौघांना विचारलं असेल. मी चावी काढतोय हे बघितल्यावर तो म्हणाला, “तुम्हां लोकांचं दर शुक्रवारी हेच.”

आता लक्ष द्या. त्या वाक्यात दोन गोष्टी होत्या. एक खरी आणि एक चुकीची. खरी ही, की बोळ अडला होता आणि असा तो आधीही अडला होता. चुकीची ही, की अडवणारा मी एकटा होतो, ‘तुम्ही लोक’ नव्हतो. मी काय केलं? खरी गोष्ट सोडून दिली आणि चुकीची पकडली. म्हटलं, “तुम्हां लोकांचं म्हणजे काय? तुमच्या मिरवणुकीत रस्ता दोन-दोन तास बंद असतो, तेव्हा आम्ही बोलतो का?”

झालं. गाडी राहिली बाजूला. माझ्यामागे नमाजहून बाहेर पडणारी पाच-सहा पोरं उभी राहिली, त्याच्यामागे बाजारातले चार-पाच जण. माझ्या हातात चावी तशीच. एकमेकांना ‘अहो’ म्हणणारी माणसं दोन मिनिटांत ‘ए’ वर आली. कुणीतरी मोबाईल वर केला.

हे संपवलं कुणी सांगू? त्या म्हातारीनं. रिक्षातून डोकं बाहेर काढून ओरडली, “अरे मेल्यांनो, आधी गाडी काढा, मग भांडा!”

मी गाडी काढली. रिक्षा गेली. आणि भांडायला काही उरलंच नाही. दोन्हीकडची माणसं थोडा वेळ नुसती उभी राहिली आणि पांगली.

पण व्हिडिओ उरला होता. तो सुरू होत होता “तुम्हां लोकांचं” पासून. माझी गाडी त्यात नव्हती, बोळ नव्हता, ती आजारी बाई नव्हती. संध्याकाळपर्यंत तो आपल्या ग्रुपांवर फिरत होता. वर ओळ कुणी लिहिली होती माहीत नाही, पण ओळ अशी होती की नमाजी माणसाला शिवीगाळ झाली. शिवी कुणीही दिली नव्हती. त्या माणसाचं बाजारात भाजीचं छोटं दुकान आहे. आपल्या काही पोरांनी ठरवलं, त्याच्याकडून काही घ्यायचं नाही. दोघे-तिघे त्याच्या दुकानासमोर जाऊन मुद्दाम उभे राहून आले.

मला सगळं माहीत होतं. ग्रुपवर एक ओळ लिहायची होती, “गाडी माझी होती, चूक माझी होती.” ती लिहायला मला दोन दिवस लागले. मला भीती कशाची होती? लोक ‘सर’ म्हणतात, त्याची. शिवाय, हेही कबूल करतो, लोक माझ्या बाजूनं चिडलेत याचं कुठंतरी बरंही वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी लिहिलं. मग त्याच्या दुकानात गेलो. तो म्हणाला, “आईचा ताप उतरला.” पुढं म्हणाला, “दोन दिवस भाजी फेकली, सर.” एवढंच. चहा वगैरे काही झाला नाही. मी अर्धा किलो भेंडी घेतली, त्यानं पैसे मोजून घेतले.

गाडीवरून सुरू झालेलं भांडण गाडीएवढंच राहिलं नाही तर कुठवर जातं, याची यादी मोठी आहे. दिल्लीत लाल कुआँ भागात ३० जून २०१९ च्या रात्री दुचाकी लावण्यावरून दोघांचं वाजलं. रात्रीतून जमाव आला, अफवा आल्या आणि गल्लीतल्या मंदिराची तोडफोड झाली. दुचाकीचा आणि मंदिराचा काय संबंध? काही नाही. पुढचं मात्र कमी लोकांना माहीत असतं. तिथल्या दोन्ही समाजांतल्या मंडळींनी अमन कमिटी करून बैठका घेतल्या आणि ९ जुलैला मूर्ती पुन्हा बसवल्या, तेव्हा मिरवणुकीतल्या लोकांना खाऊपिऊ घालायला त्या वस्तीतले मुसलमान उभे होते. आपल्याकडं जळगाव जिल्ह्यातल्या पाळधीत ३१ डिसेंबर २०२४ च्या रात्री तर पार्किंगही नव्हतं, नुसता हॉर्न होता. त्या हॉर्नवरून दुकानं जळली, संचारबंदी लागली.

आणि दोन धर्म लागतातच असं नाही. मार्च २०२५ मध्ये मोहालीत एक तरुण शास्त्रज्ञ पार्किंगच्या भांडणातल्या धक्काबुक्कीनंतर गेला. मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण झालेला माणूस होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीत निजामुद्दीनजवळच्या भोगलमध्ये घराच्या दारात लावलेल्या स्कूटरवरून एकाचा खून झाला. स्कूटर सरकवायला किती वेळ लागतो? पंधरा सेकंद.

आपण महाडचे आहोत, म्हणून एक जुनी गोष्ट काढतो. चवदार तळ्याची तुलना मी पार्किंगशी करत नाही, कृपा करून तसं बाहेर सांगू नका. तिथं माणूस म्हणून जगण्याचा प्रश्न होता. मला फक्त त्यातला एक तपशील हवा आहे. तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव महाड नगरपालिकेनं १९२४ मध्येच केला होता. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो लोक तळ्यावर जाऊन पाणी प्यायले. ते शांतपणे परतले होते. हल्ला नंतर झाला, आणि तो झाला एका अफवेवर, की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत. असं काही ठरलंच नव्हतं. तळ्याची गोष्ट देवळाची झाली आणि परतणाऱ्या माणसांची डोकी फुटली. त्या दिवशी काहींनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. डिसेंबरात परिषदेच्या मंडपाला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. हे आपण अभिमानानं सांगतो, सांगायलाच हवं. पण ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी अफवेतून पळालेल्या माणसाला दार उघडलं, त्यांच्या नातवंडांनी एका भाजीवाल्यावर व्हिडिओची अफवा सोडली, आणि मी दोन दिवस गप्प बसलो. हेही सांगायला हवं.

आता उलटी बाजू. आपणच अडकलो तर?

मागच्या पावसाळ्यात मी आणि माझा भाचा पोलादपूरला गेलो होतो. शनिवार. महाबळेश्वरकडे जाणाऱ्यांची गर्दी. आमची गाडी नीट कडेला होती, तिच्याशेजारी एका पाहुण्यानं आपली मोठी गाडी आडवी लावून ठेवलेली. अर्धा तास गेला. भाच्यानं खाली वाकून टायर बघायला सुरुवात केली. मी विचारलं, “काय करतोस?” म्हणाला, “मामू, हवा सोडतो. कळू दे त्याला.” मी म्हटलं, “हवा सोडल्यावर ती गाडी इथून हलणार कशी?” तो थांबला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

आम्ही एसटी स्टँडवर गेलो, कंट्रोलरना विनंती केली. त्यांनी माइकवर गाडीचा नंबर पुकारला. पाच मिनिटांत एक माणूस हातात वडापाव घेऊन पळत आला, दहा वेळा सॉरी म्हणाला. भाचा तरी घुश्श्यात. त्याला भांडण हवं होतं आणि ते मिळालं नाही, तर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं. मला ती भावना ओळखीची आहे.

कायदा काय म्हणतो तेही ऐकून घ्या, वीस मार्कांत हे नव्हतं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२२: धोका, अडथळा किंवा विनाकारण गैरसोय होईल अशी गाडी सार्वजनिक जागेत सोडायची नाही. वळणावर, बसथांब्याजवळ, शाळा-दवाखान्याच्या दारात, कुणाच्या फाटकासमोर, उभ्या गाडीच्या शेजारी दुसरी, हे सगळं त्यात आलं. दंड पाचशे रुपये, पुन्हा केलं तर दीड हजार. अडवलेली गाडी उचलून नेण्याचा अधिकार कलम १२७ नं पोलिसांना आहे. पोलिसांना, तुम्हाला नाही. काच फोडली, ओरखडा काढला, तर चूक त्याची आणि गुन्हा तुमचा. फोटो काढा, नंबर लिहा, ११२ लावा. पोलीस यायला वेळ लागतो, मान्य. तोवर सावलीत उभे राहा. आणि फोटो गाडीचा काढा, माणसाचा नको.

आणि ते दगड! दुकानासमोर, घरासमोर रस्त्यावर दगड, फुटकी खुर्ची, तेलाचा डबा ठेवून जागा धरणारे. आपल्या मोहल्ल्यातही आहेत, आमच्या घरात माझे थोरले भाऊ आहेत. विचारलं तर म्हणतात, “माझ्या दारासमोरची जागा आहे.” दार तुमचं, रस्ता नगरपालिकेचा. अजून ऐकलेलं नाही त्यांनी.

लहानपणी मदरशात आपण सगळे शिकलोय, रस्त्यातली त्रासाची वस्तू बाजूला करणं हा ईमानाचा भाग आहे. काटा दिसला की आपण उचलतो, केळीची साल दिसली की उचलतो. ती त्रासाची वस्तू माझी स्वतःची हजार किलोची गाडी असू शकते, हे मला पन्नाशी उलटल्यावर एका तापानं फणफणलेल्या बाईनं शिकवलं.

त्यानंतर आमच्या जमातीत थोडं बोलणं झालं. लगेच काही झालं नाही. एक-दोन बुजुर्ग म्हणाले, आपल्याच माणसांना आपणच टोकायचं का? वर्षभरानं ठरलं. आता शुक्रवारी दोन पोरं बोळाच्या तोंडाशी उभी असतात आणि कुणी गाडी घातली तर खुत्ब्याच्या आधी माइकवर नंबर पुकारतात. “एमएच झिरो सिक्स” म्हटलं की शंभर जण कान टवकारतात, कारण रायगडातली निम्मी गाडी त्याच नंबरची. सगळे हसतात, एक जण लाजत उठतो. मी एकदा उठलोय. काहींनी आता काचेवर मोबाईल नंबर लिहून ठेवलाय. काही जण चालत येतात. महाडचा बाजार केवढासा तो, या टोकाचा माणूस त्या टोकाला चालत दहा-बारा मिनिटांत पोचतो.

मिरवणुकीचं काय, असं तुमच्यापैकी कुणीतरी आत्ता मनात म्हणतोय. मीही म्हटलं होतं. त्यांच्या मिरवणुकीनं रस्ता अडत असेल तर तो प्रश्न जरूर विचारा. नगरपालिकेत विचारा, पोलीस ठाण्यातल्या शांतता समितीच्या बैठकीत विचारा, नाव घालून अर्ज द्या. तिथं मी तुमच्याबरोबर येईन. फक्त स्वतःची गाडी बोळात उभी असताना विचारू नका.

तो भाजीवाला अजून तिथंच आहे. मी त्याच्याकडूनच भाजी घेतो. अजूनही तो मोजूनच पैसे घेतो, पण गेल्या रमजानमध्ये इफ्तारच्या वेळेला मी घाईत होतो तेव्हा म्हणाला, “सर, राहू द्या, उद्या द्या.” दुसऱ्या दिवशी दिले.

बरं, एक सूचना. मघाशी चिठ्ठी आली आहे. या हॉलच्या समोर जो चक्कीवाला आहे, त्याच्या शटरसमोर एक पांढरी गाडी उभी आहे, त्याला धान्याची पोती उतरवायची आहेत. त्यानं दुसऱ्यांदा निरोप पाठवलाय. ज्याची असेल त्यानं आत्ता उठून काढावी. प्रश्न नंतर घेऊ, आम्ही थांबतो.