मूल सांभाळणाऱ्या बाईंचं काम का सुटतं?

शहरांत अनेक घरी आईवडील दोघंही नोकरीला जातात.
बाळ सांभाळायला बाई येतात.
काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, त्यांचं काम सुटतं.

श्रोतेहो, दर वेळी चूक बाईंचीच असते असं नाही.
मूल बालवाडीत जाऊ लागतं.
गावाहून आजी राहायला येते.
नोकरीत बदली होते, किंवा खर्च झेपत नाही.

काही कारणं मात्र विश्वासाची असतात.
न सांगता होणारे खाडे.
बाळ रांगतंय आणि लक्ष मोबाइलमध्ये.
बाळ पडलं, तरी ते लपवणं.
मुलावर हात उगारला, तर काम त्याच दिवशी संपतं.

पुष्कळदा मूळ कारण एकच असतं.
आधी स्पष्ट बोलणं झालेलं नसतं.
वेळ, सुट्टी, पगार ठरलेला नसतो.
मग धुणीभांडीही बाईंवर येतात, आणि कुरबुर वाढते.

महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला.
तरी हे काम बहुधा तोंडी बोलीवरच चालतं.
म्हणून काम थांबवताना पूर्वसूचना आणि पूर्ण पगार द्यायला हवा.
बाळालाही निरोप घेऊ द्यावा.
त्याला त्या हातांची सवय झालेली असते.

आधी स्पष्ट बोलणं झालं,
तर अनेकदा काम सुटतच नाही.